वारीसाठी खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा : कोणता आणि का?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

यंदा आई-बाबांबरोबर माउलींच्या पालखीसोबत आळंदी ते पंढरपूर पायी जायचं ठरलंय. पाठीवर कपडे, अंथरूण, रेनकोट आणि आईबाबांची औषधं असणार, त्यामुळे मोठा डीएसएलआर घरीच राहील. कमरेच्या पाऊचमध्ये बसेल असा छोटा कॅमेरा घ्यायचाय आणि तो पुढे पावसाळी ट्रेकलाही वापरायचाय.

मोबाईल आहे, चांगला आहे. पण त्याची बॅटरी घरच्यांशी संपर्कासाठी राखून ठेवावी लागते. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, आणि गर्दीत एका हाताने तो धरताना सारखी धाकधूक वाटते.

वाचून-शोधून पाच नावं काढली आहेत: कॅनन जी७एक्स मार्क ३, सोनी आरएक्स१०० मार्क ७, रिको जीआर ३, ओएम सिस्टिम (पूर्वीची ऑलिम्पस) कंपनीचा टीजी-७ आणि कॅनन एसएक्स७४० एचएस. पाचही खिशातले म्हणवतात, पण स्वभावाने एकमेकांपासून फार लांब आहेत. एकात ४० पट झूम, तर एकात झूमच नाही. वैशिष्ट्यांचे तक्ते वाचून डोकं भणभणलं. ज्यांनी असे कॅमेरे पावसात आणि गर्दीत वापरलेत त्यांचं मत हवंय.

प्रकाशछाया

पाऊलवाट, चांगला विषय काढलात. मेगापिक्सेल आणि झूमचे आकडे थोडा वेळ बाजूला ठेवा. खोक्यावर ते मोठ्या अक्षरांत असतात, पण वारीत तुमचा खरा प्रश्न उजेडाचा आहे. आषाढातलं ढगाळ आभाळ, पहाटेची वाटचाल, मुक्कामावर तंबूत एका बल्बच्या उजेडात चाललेलं कीर्तन. अशा वेळी दोनच गोष्टी कामाला येतात: सेन्सरचं (उजेड टिपणाऱ्या चिपचं) क्षेत्रफळ आणि भिंग किती उघडतं ते.

एसएक्स७४० आणि टीजी-७ यांचा सेन्सर १/२.३ इंच प्रकारचा, म्हणजे साधारण ६.२ × ४.६ मिमी. क्षेत्रफळ २८ चौरस मिमीच्या आसपास. जी७एक्स आणि आरएक्स१०० मध्ये '१ इंच' प्रकारचा, १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे ११६ चौरस मिमी. यातली कुठलीच बाजू एक इंच नाही. हे नामकरण जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलं आणि तसंच चिकटून राहिलं. जीआर ३ मध्ये एपीएस-सी, म्हणजे बऱ्याच डीएसएलआरमध्ये असतो तेवढा २३.५ × १५.६ मिमीचा सेन्सर. ३६६ चौरस मिमी!

आता भिंग. रुंद टोकाला जी७एक्स एफ/१.८ उघडतो, टीजी-७ एफ/२, आरएक्स१०० मार्क ७ आणि जीआर ३ दोन्ही एफ/२.८, एसएक्स७४० एफ/३.३. एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात.

दोन्हींचा एकत्र हिशेब केला की चित्र स्पष्ट होतं. तेवढ्याच शटर वेळात एसएक्स७४०च्या सेन्सरवर एकूण जेवढा उजेड पडतो तो १ धरला, तर टीजी-७ वर अंदाजे पावणेतीनपट, आरएक्स१०० मार्क ७ वर साडेपाच-पावणेसहापट, जी७एक्सवर चौदापट आणि जीआर ३ वर अठरापट. म्हणजे एवढ्या लहान सेन्सरचा जी७एक्स केवळ उघड्या भिंगाच्या जोरावर जीआरच्या बराच जवळ येतो. आणि त्याच १ इंची सेन्सरचा आरएक्स१०० मार्क ७ मागे पडतो, कारण त्याने २०० मिमीपर्यंतच्या झूमसाठी (भिंगाचे मिमी जास्त तितकं लांबचं जवळ दिसतं) उजेड सोडलाय.

तंबूतलं कीर्तन हे तुमच्या यादीत वरचं असेल, तर निर्णय जवळपास इथेच होतो.

रानवारा

प्रकाशछाया, हिशेब अगदी पटला. पण पाऊस सुरू झाल्यावर जो कॅमेरा पाऊचमधून बाहेरच काढता येत नाही, त्याचा अठरापट उजेड काय कामाचा? या पाचांत भर पावसात उघडा धरता येईल असा एकच आहे, टीजी-७.

१५ मीटर पाण्याखाली चालतो. २.१ मीटरवरून पडला तरी सहन करेल अशी बांधणी. भिंग आतल्या आतच हलतं, नळी बाहेर येत नाही, म्हणून पाणी आणि धूळ शिरायला तिथे वाटच नाही. पडद्याला स्पर्श नाही, सगळं बटणांवर, आणि पावसात हाच मोठा फायदा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) मिळते. वजन २४९ ग्रॅम. आधीच्या टीजी-६ पेक्षा फार वेगळा नाही, पण यात यूएसबी-सी आलंय.

पुढे ट्रेकलाही वापरणार म्हणालात म्हणून आणखी एक गोष्ट. याची सूक्ष्मदर्शक पद्धत भिंगापासून १ सेंटीमीटरवर फोकस करते. कासच्या पठारावर सीतेची आसवं किंवा दवबिंदूंची वनस्पती टिपायची असेल, तर जमिनीला टेकून, चिखलात ठेवून फोटो काढता येतो आणि नंतर सरळ नळाखाली धुता येतो. मी कॅमेरा म्हणून फक्त हाच वापरतो आणि पावसाळ्यातले माझे सगळे आवडते फोटो याच्यावरचे आहेत.

एक पथ्य मात्र पाळा. बॅटरीच्या झाकणाची रबरी कड दर वेळी बंद करण्यापूर्वी पुसायची. तिथे एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत येतं, आणि हे कुठल्याही जलरोधक कॅमेऱ्याला लागू आहे.

गोदाकाठ

रानवारा, टीजी-७ चिखलातला राजा आहे हे मान्य. पण संध्याकाळनंतर १२ मेगापिक्सेलच्या त्या छोट्या सेन्सरवर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० ओलांडला की चेहऱ्यावरचे बारीक तपशील पुसट होतात. वारीत चेहरेच तर टिपायचे असतात. सुरकुत्या, कपाळावरचा बुक्का, डोळ्यांतलं पाणी.

वारीतला पाऊस बहुतेक वेळा सरींचा असतो. छत्री, इरलं, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन लोक चालत असतात, आडोसा मिळतो. झिपची जाड पिशवी आणि सुती रुमाल एवढ्यावर साधा कॅमेरा सांभाळता येतो.

तुळसमाळ

पाऊलवाट, मी बरीच वर्षं वारीला जातोय आणि माझ्याकडे जीआर ३ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

याला झूम नाही. ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने २८ मिमीचं एकच भिंग. वजन बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, सदऱ्याच्या खिशात जातो. सगळ्यात मोलाची सोय म्हणजे स्नॅप फोकस. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा २ मीटर, आणि बटण एकदम पूर्ण दाबायचं. कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. एफ/५.६ ठेवलं तर साधारण सव्वा मीटरपासून सहा मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. पावली खेळताना, फुगडी घालताना, टाळ वर उचललेला असतो त्या क्षणी याची किंमत कळते.

उणिवाही सांगतो. पाण्यापासून कुठलंही संरक्षण नाही. अंगचा फ्लॅश नाही. पडदा पक्का बसवलेला, वळत नाही. बॅटरी साधारण २०० फोटोंची, त्यामुळे तीन तरी लागतात. व्हिडिओसाठी घेऊच नका.

२८ मिमी म्हणजे माणसाजवळ जावं लागतं, दोन हातांच्या अंतरावर. मला तेच हवं असतं. आधी "माउली" म्हणून हात जोडायचे, चार शब्द बोलायचे, सोबत थोडं चालायचं आणि मग विचारून फोटो काढायचा. लांबून ८००-९०० मिमीने एखाद्या आजीचा चेहरा ओढून घेतला, तर तिला कळतही नाही आणि फोटोत ती आपल्याशी बोलतही नाही. नीरा स्नानाच्या वेळी आणि चंद्रभागेत अंघोळ करणाऱ्या बायाबापड्यांकडे कॅमेरा वळवूच नये. झूम आहे म्हणून तो मोह होतो आणि दर वर्षी ते पाहून फार वाईट वाटतं. मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी चोप उंचावला की लाखोंचा समुदाय क्षणात शांत होतो. तेव्हा कॅमेऱ्याचा आवाज, फोकसचा दिवा, फ्लॅश सगळं बंद हवं. कुठलाही कॅमेरा घेतलात तरी ही तीन बटणं कुठे आहेत ते घरीच शोधून ठेवा.

बोरिवलीकर

एक वेगळा मुद्दा. शाओमी १३ अल्ट्रा, विवो एक्स१०० प्रो अशा फोनमध्ये १ इंच प्रकारचाच सेन्सर आहे. एका दाबात आठ-दहा फोटो घेऊन फोन ते स्वतःच जोडतो, उजळ आभाळ आणि सावलीतला चेहरा दोन्ही सांभाळतो. हे यातल्या कॅमेऱ्यांना इतकं सहज जमत नाही. चालताना घेतलेला व्हिडिओही फोनवरच जास्त स्थिर येतो. तेवढ्या पैशात कॅमेरा घेण्याऐवजी फोन बदलावा का?

प्रकाशछाया

बोरिवलीकर, मुद्दा रास्त आहे. व्हिडिओ आणि विरोधी उजेड या दोन्हीत फोन पुढे गेलेत. पण त्या फोनमध्ये १ इंची सेन्सर फक्त मुख्य भिंगामागे असतो. तिथून पुढे झूम केलं की दुसऱ्या, लहान सेन्सरवर उडी पडते किंवा मधला तुकडा कापून मोठा केला जातो. जी७एक्समध्ये २४ पासून १०० मिमीपर्यंत तोच सेन्सर, आणि १०० मिमीलाही एफ/२.८.

दुसरं, फ्लॅश. जी७एक्स आणि आरएक्स१०० यांचं शटर भिंगातच बसवलेलं असल्यामुळे भर दुपारी जलद शटरवरही फ्लॅश चालतो. टोपीच्या, पदराच्या सावलीतला चेहरा उजळायला तो इवलासा फ्लॅश पुरतो. फोनच्या एलईडीला उन्हात ते जमत नाही.

आणि पाऊलवाटच्या गरजेत बॅटरीचा भाग मोठा आहे. आई-बाबा सोबत असताना फोन चालू राहणं जास्त महत्त्वाचं.

सांगोलेकर

रिंगणाचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो.

रिंगणात अश्व धावतात तेव्हा तुम्ही पुढच्या रांगेत असाल तरच मोकळं दिसतं. एरवी समोर डोकी, पताका आणि उंचावलेले हात. अशा वेळी झूमपेक्षा वळणारा पडदा कामाला येतो. कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा, पडदा खाली वळवायचा आणि बघून फोटो काढायचा. आरएक्स१०० मार्क ७ चा पडदा खाली ९० अंश वळतो, जी७एक्स मार्क ३ चा ४५ अंश. दोन्हींनी काम होतं, पण सोनीचं जास्त सोपं. जीआर आणि टीजीमध्ये अंदाजाने काढावे लागतात.

धावत्या घोड्यावर फोकस टिकवण्यात या पाचांत आरएक्स१०० मार्क ७ सगळ्यांच्या पुढे आहे. त्यात ३५७ बिंदूंचा फेज पद्धतीचा (अंतर थेट ताडणारा) ऑटोफोकस आणि सेकंदाला २० फोटो, तेही पडदा मध्येच काळा न होता. जी७एक्स मार्क ३ फक्त कॉन्ट्रास्ट पद्धतीने फोकस करतो, पुढे-मागे जाऊन स्पष्टता शोधतो, त्यामुळे आपल्याकडे धावत येणारा घोडा हमखास हुलकावणी देतो. त्यावर उपाय म्हणजे जिथून अश्व जाणार त्या जागेवर आधीच फोकस बांधून ठेवायचा. शटर १/१००० किंवा त्याहून जलद. सोनीत डोळ्याला लावायची छोटी खिडकी वर येते, कॅननमध्ये नाही. कडक उन्हात पडदा दिसेनासा होतो तेव्हा तिचा फार उपयोग.

चांदोबाच्या लिंबाजवळचं पहिलं उभं रिंगण चुकवू नका. रस्त्यावरच असतं, बराच आधी जाऊन जागा धरली तर २४ मिमीतही सुंदर येतं.

एसएक्स७४०बद्दल: २४ ते ९६० मिमी हा पल्ला माळढोक-काळवीट बघणाऱ्यांच्या उपयोगाचा, तोही लख्ख उन्हात. ९६० मिमीला एफ/६.९ आणि ढगाळ हवा म्हणजे आयएसओ चढणार आणि हात जरासा हलला तरी फोटो गेला. वारीसाठी यादीतून काढून टाका.

चाफेकळी

सुंदर चर्चा. तुळसमाळ काका, स्नानाबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. दिंडीत चालणारी बाई म्हणून सांगते, कॅमेरा खाली धरून समोर येऊन विचारणारा माणूस आम्हाला लगेच ओळखू येतो, आणि त्याला बहुतेक कुणी नाही म्हणत नाही.

व्हिडिओबद्दल थोडं. अभंगाचा आवाज नीट हवा असेल तर बाहेरचा माईक लावायची सोय बघा. जी७एक्स मार्क ३ आणि आरएक्स१०० मार्क ७ दोन्हींत ती आहे, बाकी तिघांत नाही. पखवाज जवळ असेल तर आवाजाची पातळी स्वयंचलित न ठेवता हाताने कमी करा, नाहीतर प्रत्येक थापेनंतर बाकीचा आवाज बसतो. माईकला केसाळ टोपी हवीच. दिवे घाटात वारा इतका असतो की साध्या माईकवर फक्त घोंगावणं ऐकू येतं.

रत्नाकरतीर

मी रत्नागिरीचा, त्यामुळे बुरशीबद्दल.

वारीहून आल्यावर कॅमेरा ओल्या पाऊचमध्ये, चामड्याच्या केसमध्ये किंवा कपाटात कपड्यांखाली ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि भिंगावर बुरशीची जाळी धरते. छोट्या कॅमेऱ्याचं भिंग सुटं होत नाही, ते उघडून साफ करायचा खर्च बऱ्याचदा परवडत नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, इतकं पुरतं. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ओल पिऊन भरले, मंद आचेवर गरम केले की पुन्हा निळे होतात आणि वापरता येतात. ती कढई मात्र स्वयंपाकाला वापरू नका.

वाटेत भिंगाची नळी बाहेर आलेली असताना पाऊस लागला तर नळी पुसूनच कॅमेरा बंद करा. बंद करताना ती तेच पाणी आत ओढून नेते. धुळीचंही तेच, आणि सासवडपासून पुढे पाऊस नसेल तेव्हा धूळ फार. तुळसमाळ यांच्या जीआरचीही नळी बाहेर येते, त्यालाही हे लागू.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. एसएक्स७४० बाद. जीआर ३ मोहात पाडतोय, पण घरी परतल्यावर आई-बाबांना दाखवायला व्हिडिओही हवेत. टीजी-७ ट्रेकसाठी मनात भरलाय. सध्या जी७एक्स मार्क ३ आणि आरएक्स१०० मार्क ७ यांच्यात अडकलोय. दोन्ही महाग. जुना घ्यावा का? आणि चार्जिंगचं कसं करता?

प्रकाशछाया

जी७एक्सला गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांमुळे प्रचंड मागणी आलीय, त्यामुळे जुना कॅमेराही नव्याच्या भावात विकला जातो. त्या भावाला भुलून घाई करू नका.

माझी शिफारस: चांगल्या स्थितीतला आरएक्स१०० मार्क ३ शोधा. २०१४चं मॉडेल, पण तोच १ इंची सेन्सर, २४-७० मिमी, एफ/१.८ ते २.८, वळणारा पडदा आणि वर येणारी खिडकीही. वर लिहिलेल्या उजेडाच्या हिशेबात तो रुंद टोकाला थेट जी७एक्सच्या पंगतीला बसतो. त्यात एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) आहे, म्हणजे दिवसा धबधब्याचं पाणी रेशमासारखं करायला शटर मंद ठेवता येतं. मार्क ७ मध्ये तो काढून टाकलाय, जी७एक्स मार्क ३ मध्ये आहे. उणीव म्हणजे ४के व्हिडिओ नाही, १०८०पीच, माईकची सोय नाही आणि ऑटोफोकस जुन्या पद्धतीचा.

जुना घेताना कॅमेरा दहा-बारा वेळा चालू-बंद करा, नळी अडखळते का, करकरते का ते ऐका. भिंगातून मोबाईलचा टॉर्च टाकून आत जाळी किंवा धुके दिसतं का बघा. एफ/८ किंवा त्याहून बारीक छिद्र ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे धुळीचे ठिपके लगेच दिसतात. फ्लॅश उडवून बघा. बिल आणि त्यावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या तळाशी जुळवा.

सांगोलेकर

चार्जिंग: आरएक्स१०० मालिका मायक्रो यूएसबीवर कुठल्याही पॉवरबँकने भरते. जी७एक्स मार्क ३ ला यूएसबी-सी आहे, पण त्याला पीडी (पॉवर डिलिव्हरी) प्रकारची पॉवरबँक लागते, साधी चालत नाही. ही गोष्ट मुक्कामावर गेल्यावर कळली तर पंचाईत होते. या सगळ्या कॅमेऱ्यांची बॅटरी २०० ते ३३० फोटोंच्या घरातली, तेव्हा दोन जादा बॅटऱ्या आणि एक २०,००० एमएएचची पॉवरबँक धरा. गावात दुकानदार प्रेमाने लावू देतात, पण त्या एका बोर्डावर गावभरचे फोन असतात.

तुळसमाळ

निवड कुठलीही करा, एक सेटिंग आत्ताच सांगून ठेवतो. वारीत सगळीकडे पांढरं: धोतर, सदरा, टोपी. चौकट पांढऱ्याने भरली की कॅमेरा त्याला करडं समजून फोटो काळपट काढतो आणि सावळे चेहरे आणखी बुडतात. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ वर नेऊन ठेवा आणि हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) उजव्या कडेला आपटत नाही एवढं बघा. उलट, तंबूत मागे अंधार आणि एकाच बल्बखाली विणेकरी असेल तेव्हा −०.७ करा, नाहीतर चेहरा पांढराफटक येतो. रॉ आणि जेपीजी दोन्ही साठवा.

पाऊलवाट

ठरलं. आरएक्स१०० मार्क ३ जुना शोधतोय. पुण्यात एकाकडे बिलासकट आहे, रविवारी टॉर्च घेऊन बघायला जातो. व्हिडिओ बाबांच्या फोनवर घेऊ. रिंगणासाठी तुमच्या सांगण्याप्रमाणे आधी जागा धरून फोकस बांधून ठेवीन. पुढच्या पावसाळ्यात जमलं तर टीजी-७.

शेवटचा प्रश्न: एकच मोठं कार्ड घ्यावं की दोन लहान?

रत्नाकरतीर

दोन. ६४ जीबीची दोन घ्या. भरलेलं कार्ड डबीत घालून आईच्या पिशवीत ठेवा, कॅमेऱ्याच्या पाऊचमध्ये नको. कॅमेरा हरवला किंवा भिजला तरी तोवरचे फोटो हाती राहतात.